सत्ता ओघळते की सोपवली जाते?

इंग्रजीतल्या ‘डिव्हॉल्व्ह’ या क्रियापदाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. तिथे त्याचा अर्थ वरून खाली गडगडत नेणे असा होता. कायद्याच्या भाषेत ते रुळले ते वारशाच्या संदर्भात. माणूस मृत्युपत्र न करता गेला की त्याची मालमत्ता वारसांवर ‘डिव्हॉल्व्ह’ होते. आपल्या १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या इंग्रजी पाठातही हेच क्रियापद आहे. या वापरात देणारा कोणी नसतो. उतारावरचे पाणी वाट काढते तशी मालमत्ता वारसांपर्यंत येते, आणि देणाराच नसल्यामुळे ती परत मागणाराही नसतो. पुढे हेच क्रियापद राज्यकर्त्यांच्या तोंडी आले. ‘सरकार प्रांतांना सत्ता डिव्हॉल्व्ह करते’ या वाक्यात मात्र देणारा आहे आणि दिल्यानंतरही तो जागचा हललेला नाही. माझे म्हणणे एवढेच, की शब्द तोच राहिल्यामुळे दुसऱ्या व्यवहाराला पहिल्याचा पक्केपणा फुकटात मिळाला.

जुना अर्थ किती जोरकस होता ते अमेरिकेत दिसले. १७८७ च्या तिथल्या राज्यघटनेत अशी तरतूद होती, की अध्यक्षाचा मृत्यू झाल्यास ‘ते’ उपाध्यक्षावर डिव्हॉल्व्ह होईल. ‘ते’ म्हणजे अध्यक्षपद, की त्या पदाचे केवळ अधिकार आणि कर्तव्ये? ४ एप्रिल १८४१ रोजी, कारकिर्दीच्या अवघ्या एका महिन्यात, विल्यम हेन्री हॅरिसन वारले आणि हा व्याकरणाचा प्रश्न राज्यकारभाराचा झाला. उपाध्यक्ष जॉन टायलर यांनी ६ तारखेला शपथ घेऊन आपण पूर्ण अध्यक्ष असल्याचे जाहीर केले. जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्यासारख्या माजी अध्यक्षाला ते पटले नाही. त्यांच्या मते टायलर हे अध्यक्षाचे काम पाहणारे उपाध्यक्षच होते. काँग्रेसने अखेर टायलर यांचे म्हणणे मान्य केले. तरी घटनेतली ती संदिग्धता १९६७ च्या पंचविसाव्या दुरुस्तीनेच मिटली. वाद इथे काय खाली आले याचा होता. जे आले ते कुणी परत घेऊ शकेल, असे मात्र कोणीच म्हणत नव्हते.

हिंदुस्थानात १९१९ च्या कायद्याने द्विदल राज्यपद्धती आली आणि त्याखालच्या नियमांना नाव मिळाले ‘डिव्होल्यूशन रूल्स’. शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य ही खाती लोकांना जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे गेली. पोलीस, अर्थ, जमीनमहसूल गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राहिले. मराठीने या दोन गटांना ‘सोपीव’ आणि ‘राखीव’ म्हटले. ‘सोपीव’ म्हटले की सोपवणारा डोळ्यांसमोर उभा राहतो. त्याचा प्रत्यय नागपूरला लवकरच आला. मध्य प्रांताच्या कायदेमंडळात बहुमत मिळवलेल्या स्वराज्य पक्षाने १९२४ मध्ये सरकारच्या पैशाच्या मागण्या फेटाळल्या, मंत्री पायउतार झाले आणि गव्हर्नरने सोपीव खाती स्वतःकडे घेतली. वारशाने आलेले शेत असे काढून घेता आले नसते.

यावर कोणी म्हणेल, की हा नुसता शब्दांचा कीस झाला. सत्ता कायद्याच्या कलमांनी ठरते, क्रियापदाने नाही. खरे आहे, पण कलमे तरी शब्दांचीच असतात. १९९८ च्या स्कॉटलंड कायद्याचे अठ्ठाविसावे कलम तिथल्या पार्लमेंटला कायदे करण्याचा अधिकार देते आणि त्याच कलमाचे सातवे उपकलम बजावते, की स्कॉटलंडसाठी कायदे करण्याच्या लंडनच्या अधिकाराला याने बाध येत नाही. आपल्याकडे १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीतल्या २४३-जी या अनुच्छेदात पंचायतींच्या संदर्भात ‘डिव्होल्यूशन’ शब्द आहे; मात्र राज्याचे विधिमंडळ असे अधिकार ‘देऊ शकेल’, ‘देईल’ नव्हे. ओघळ आहे, पण तोटी राज्याच्या हातात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एकदा दिलेली सत्ता काही वर्षांत मुरते, मग ती परत घेणे कागदावरच शक्य उरते, असे म्हणतात. पण उत्तर आयर्लंडचे पार्लमेंट १९२१ पासून अर्धशतक चालू होते; हिंसाचार हाताबाहेर गेल्यावर लंडनने मार्च १९७२ मध्ये ते स्थगित केले आणि पुढच्या वर्षी रद्दच केले. पन्नास वर्षांचे मुरणे कामी आले नाही. याउलट, आज स्कॉटलंडचे पार्लमेंट गुंडाळण्याची भाषा कोणत्याही लंडन सरकारला जड जाईल, कारण सप्टेंबर १९९७ च्या सार्वमतात मतदान करणाऱ्यांपैकी ७४ टक्क्यांहून अधिक लोकांनी ते मागून घेतले होते. २०१६ च्या कायद्याने तर सार्वमताशिवाय ते रद्द होणार नाही असेही नमूद केले. म्हणजे सत्ता टिकते ती किती वर्षे झाली यावर नव्हे, तर ती कोणी मागून घेतली यावर. इंग्रजी क्रियापद ही बाजू झाकते: त्यात सत्ता आपसूक येते, देणाराही दिसत नाही आणि मागणाराही. निदान देणाऱ्याला तरी नागपूरच्या काळातल्या मराठीने ‘सोपीव’ म्हणून उघडे पाडले होते. हा शब्द आता इतिहासाच्या पाठ्यपुस्तकापुरता उरला आहे. अधिकारप्रदानाचा प्रत्येक नवा मसुदा वाचताना तो हाताशी असलेला बरा.