श्वासावर नजर ठेवणाऱ्या रूपाबाई



मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी मनातलं सांगितलं. कित्येक महिने पोटात जळजळतंय, घास अडकतो, डॉक्टरांनी तोंडातून दुर्बिणीची तपासणी सांगितली आहे. पण त्या जाईनात. म्हणाल्या, "नळीचं काही वाटत नाही गं, पण गुंगी दिली आणि मी उठलेच नाही तर?"

आम्ही कुणी हसलो नाही. ही भीती खुळी नाही, पावणेदोनशे वर्षांची जुनी आहे. म्हणून आज तिचीच गोष्ट सांगतो.

१८४७ साली स्कॉटलंडमध्ये डॉ. सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म हुंगवून भूल द्यायला सुरुवात केली. लोकांना वाटलं, आता दुखणंच संपलं. पण जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडात हॅना ग्रीनर नावाची १५ वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी गेली आणि क्लोरोफॉर्म दिल्यावर काही मिनिटांतच दगावली. मग प्रश्न उभा राहिला: आधी काय थांबतं, श्वास की काळीज? भूल देणाऱ्यानं कशावर लक्ष ठेवायचं?

या प्रश्नाचा मोठा शोध आपल्यापासून फार लांब नाही, हैदराबादेत घेतला गेला. आपल्या इंदापूरच्या पलीकडे सोलापूर जिल्हा, आणि त्याला लागून परांडा, तुळजापूर. तो मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या राजधानीत एडवर्ड लॉरी नावाचे सर्जन होते. १८८८ आणि १८८९ साली तिथं दोन क्लोरोफॉर्म कमिशन बसली. दुसऱ्यासाठी निजामानं १००० पौंड दिले आणि लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन आले. जनावरांवर शेकडो प्रयोग झाले. निकाल निघाला: श्वास आधी थांबतो, म्हणून श्वासावर लक्ष ठेवा.

त्याच काळात, १८८५ साली, हैदराबादच्या मेडिकल स्कूलमध्ये मुलींना प्रवेश मिळाला. त्यांत एक पारशी मुलगी होती, रूपाबाई फर्दुनजी. शिकून त्या भूल देण्याचं काम करू लागल्या. जगातल्या अगदी पहिल्या भूलतज्ज्ञ स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. पुढं १९०९ मध्ये त्या शिकायला एडिंबरोलाही गेल्या. चाकू दुसऱ्याच्या हातात आणि पेशंटचा श्वास यांच्या नजरेखाली, असं ते काम. मुलींना शाळेतसुद्धा घालत नव्हते, त्या काळात.

लॉरी मात्र म्हणत, नाडी बघायची गरजच नाही. तिथं ते चुकले. १९११ मध्ये लंडनच्या डॉ. लेव्हींनी दाखवलं, की क्लोरोफॉर्मनं काळीजही एकदम थांबू शकतं. म्हणजे श्वास आणि नाडी, दोन्ही बघायला हवं.

आता दुर्बिणीकडे येऊ. १८६८ साली जर्मनीत डॉ. कुसमाउल यांनी तलवार गिळून दाखवणाऱ्या खेळकऱ्याच्या गळ्यातून सरळ, ताठ नळी पोटात घातली. साध्या माणसाला ते कसं जमावं? १९५७ मध्ये अमेरिकेत डॉ. हिर्शोविट्झ यांनी काचेच्या बारीक तंतूंची वाकणारी नळी दाखवली. अशा तंतूंवर आधी काम करणाऱ्यांत पंजाबात जन्मलेले नरिंदर कपानी होते.

आज क्लोरोफॉर्म देत नाहीत. पुष्कळदा घशात औषधाचा फवारा मारूनच तपासणी होते. गुंगी लागलीच तर शिरेतून मिडाझोलाम किंवा प्रोपोफोल देतात. मिडाझोलामचा अंमल उतरवणारं औषधही आहे. बोटाला चिमटा लावतात, तो नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन दाखवतो. पण चिमटा उशिरा सांगतो. छाती हलते की नाही, हे माणसानंच बघावं लागतं. रूपाबाईंचं काम अजून संपलेलं नाही.

म्हणून जाताना बिनधास्त विचारा: "मला गुंगी देणार का? माझ्या श्वासावर लक्ष कोण ठेवणार?" तपासणी करणाऱ्यांचं लक्ष नळीत असतं, म्हणून दुसरं माणूस हवं.

आपल्याकडूनही काही लपवू नका. दमा, घोरणं, काळजाचा आजार, दिवस गेलेले, चालू गोळ्या, मिश्री, आधीच्या भुलेचा त्रास, सगळं सांगा. पोट रिकामं हवं; साधारण ६ ते ८ तास खायचं नाही आणि दुधाचा चहाही खाण्यातच धरा. चुकून घेतला असेल तर लाजू नका, सांगा. पोटातलं श्वासनळीत गेलं तर जिवावर बेततं. सोबत घरचं माणूस न्या. त्या दिवशी आणि रात्री गाडी, कडबाकुट्टी, चूल यांपासून लांब राहा आणि कुठल्याही कागदावर सही करू नका, गटाच्या कर्जाच्यासुद्धा.

त्या ताई आता जायला तयार झाल्या आहेत. सोबत गटातल्या दोघी जाणार, आणि तो प्रश्न आम्ही त्यांच्याकडून पाठ करून घेतला आहे. तुमच्या गटातही कुणी भीतीनं तपासणी टाळत असेल, तर तिला ही गोष्ट सांगा आणि तिच्याबरोबर जा.