सैनिकाच्या अंगावरील अक्षरे

गोंदण म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम येते ती स्त्री. कपाळावरची टिकली, हनुवटीवरचा ठिपका, हातावरचे तुळशीवृंदावन, क्वचित पतीचे नाव. चोराला नेता येत नाही असा हा दागिना आणि मेल्यावरही सोबत येणारे हे धन, अशी जुन्या बायकांची श्रद्धा असे. शिपाईगडी आणि गोंदण यांची सांगड आपल्या परंपरेत फारशी घातलेली आढळत नाही. फौजेत खूण केली जाई ती घोड्याला. मोगली अमलात घोड्यावर डाग देत आणि स्वाराचा रंग, बांधा, तीळ, व्रण हे सारे कागदावर उतरवून घेत; 'चेहरेपट्टी' हा शब्द अशाच दफ्तरी वर्णनाचा आहे. जनावराच्या अंगावर खूण आणि माणसाचे वर्णन कागदावर, अशी ही वाटणी होती. चीनमध्ये मात्र एके काळी ती खूण माणसाच्याच तोंडावर उमटली, आणि पुढे हजार वर्षे चिनी सैनिकाने आपल्या अंगावरील अक्षरांकडे कधी लाजेने, कधी अभिमानाने, तर कधी भीतीने पाहिले. त्या दृष्टीचा इतिहास येथे सांगावयाचा आहे. त्याच्या शेवटच्या प्रकरणात आपल्या देशाचा आणि कोल्हापूरकडील एका मराठी सेनानीचाही संबंध आला आहे.

तांग साम्राज्य मोडकळीस आले तेव्हाची गोष्ट. ठिकठिकाणचे सुभेदार स्वतंत्र झाले होते. शिपाई आज एका झेंड्याखाली, तर उद्या दुसऱ्या. पळालेला माणूस ओळखावा कसा, ही सर्वांची अडचण. झू वेन या सरदाराने, जो 907 मध्ये सम्राट होऊन बसला, आपल्या शिपायांच्या तोंडावर तुकडीचे नाव टोचून घेतले. उत्तरेकडील ल्यू रेनगोंगने 906 मध्ये आपल्या मुलखातील पंधरा ते सत्तर वर्षांचे पुरुष सक्तीने भरती केले व त्यांच्या चेहऱ्यांवर पलटणीचे नाव कोरले. त्यात एक तपशील असा आहे की तो वाचून शिक्षकाला हसू यावे आणि लाजही वाटावी. साक्षर पंडितांचे तोंड त्याने वगळले. त्यांच्या हातावर, एकनिष्ठेने धन्याची सेवा करीन अशा आशयाची अक्षरे टोचली. विद्येला मान होता, पण तेवढाच. चेहरा वाचला आणि हात गेला.

960 मध्ये सुंग राजवट आली आणि तिने ही रीत कायम केली. अकराव्या शतकाच्या मध्यास या राजवटीच्या फौजेची संख्या 12 लाखांच्या वर गेली होती. अशा अवाढव्य पगारी सैन्यात टोचलेला चेहरा हीच हजेरीवही. पण याच राजवटीत हद्दपारीची शिक्षा झालेल्या गुन्हेगारांचेही तोंड टोचीत आणि त्यांना प्रांतिक फौजेत कामाला लावीत. शिपायाची खूण आणि चोराची खूण एकाच जागी, एकाच सुईने. मग गावकऱ्याने त्या दोघांत भेद करावा तरी का? चांगल्या लोखंडाचे खिळे करीत नाहीत आणि चांगल्या माणसाला शिपाई करीत नाहीत, ही चिनी समजूत अशा वातावरणात मूळ धरते यात नवल नाही.

या लाजेला सामोरा गेलेला पुरुष म्हणजे दी छिंग (1008–1057). सामान्य कुळात जन्मलेला हा शिपाई पश्चिमेकडील शिया राज्याशी झालेल्या युद्धांत केस मोकळे सोडून, तोंडावर काशाचा मुखवटा चढवून लढत असे. पुढे 1053 मध्ये दक्षिणेकडील नोंग झिगाओचे बंड मोडल्यावर तो साम्राज्याच्या सर्वोच्च लष्करी पदावर चढला. सम्राट रेनझोंगने त्याला औषध लावून चेहऱ्यावरील अक्षरे घालवून टाकण्यास सुचविले होते. दी छिंगने ते नाकारले. महाराजांनी माझे कुळ न पाहता पराक्रम पाहिला, मी येथवर आलो तो या खुणेसह, आणि ती राहिली तर शिपायांना उमेद येईल, अशा अर्थाचे त्याचे उत्तर सुंग इतिहासात नोंदलेले आहे.

हे उत्तर मोठे खरे, पण त्यावरून त्याला त्या खुणेचे काहीच वाटत नसे असे समजणे भाबडेपणाचे होईल. एका टिपणात अशी हकीकत आहे की, मेजवानीत एका गणिकेने त्याला 'डागवाल्या' अशी हाक मारून प्याला पुढे केला. तेथे तो गप्प राहिला आणि दुसऱ्या दिवशी त्याने तिला फटके मारविले. त्याच टिपणात हान छी या विद्वान मंत्र्याची गोष्ट आहे. दी छिंगच्या एका जुन्या सहकाऱ्याला हान छीने देहदंड फर्मावला. तो भला माणूस आहे, अशी रदबदली दी छिंगने केली, तेव्हा राजधानीच्या दरवाजाबाहेर ज्याचे नाव परीक्षेत पहिले म्हणून पुकारले जाते तोच भला माणूस, असे हान छीने सुनावले. हान छीचे आणि माझे पद सारखेच, उणी आहे ती फक्त माझी परीक्षा, असे दी छिंग पुढे म्हणे. 1056 मध्ये त्याला पदावरून दूर करविण्यात ओउयांग श्यूसारखा थोर साहित्यिकही होता. दी छिंगच्या हातून अपराध घडला नव्हता. शिपाई एवढ्या उंचीवर असणे हेच धोक्याचे, असे पंडितांचे मत. पुढल्याच वर्षी तो वारला. चेहऱ्यावरील अक्षरांना त्याने मान मिळवून दिला, परंतु त्यांच्यामुळे पडलेली दरी त्यालाही बुजविता आली नाही.

बाराव्या शतकात उत्तरेचे जुर्चेन चालून आले, 1127 मध्ये सम्राट कैद झाला, आणि अक्षरांचा अर्थ पालटला. ताईहांगच्या डोंगरात वांग येन नावाचा सेनानी मूठभर माणसांनिशी लढत होता. शत्रूने त्याच्या डोक्यावर इनाम लावले. आपलीच माणसे घात करतील या भयाने तो रात्री झोपण्याची जागा वारंवार बदलू लागला. हे शिपायांच्या ध्यानात आले तेव्हा त्यांनी आपणहून चेहऱ्यांवर आठ अक्षरे टोचून घेतली: देशाशी इमान आणि शत्रूचा नाश, असा त्यांचा आशय. ही फौज पुढे 'आठ अक्षरांची सेना' म्हणून गाजली. मला ही हकीकत साऱ्या विषयाची किल्ली वाटते. येथे कोणी हुकूम दिला नव्हता. तरी सुई हाती घ्यावी लागली, कारण सेनापतीला झोप येत नव्हती. शिपायांनी शत्रूकडे जाण्याची वाट स्वतःच बंद केली.

युए फेई हा वीर काही काळ याच वांग येनच्या हाताखाली होता. 1141 मध्ये त्याच्यावर खोटा आळ आला. चौकशीच्या वेळी त्याने अंगरखा फाडून पाठ दाखविली. तीवर सर्वस्वी एकनिष्ठ राहून देशाचे ऋण फेडावे अशा अर्थाची चार मोठी अक्षरे कातडीत खोल उतरलेली होती. चौकशी करणारा अधिकारी निरुत्तर झाला. पण मंत्री छिन ह्वैला पुरावा नको होता, आणि 1142 च्या आरंभी युए फेईचा अंत झाला. ती अक्षरे त्याच्या आईने टोचली ही घराघरांत ठाऊक असलेली कथा पुष्कळ नंतरची आहे. सुंग इतिहास त्याबाबत मौन बाळगतो. कथा रुजली याचे कारण मात्र उघड आहे. तोपर्यंत अक्षरे टोचणारा हात सरकारचा किंवा शिपायाचा स्वतःचा होता; लोकांनी तो आईचा केला.

ही रीत केवळ चीनची नव्हे. रोमन लेखक वेजेशियस सांगतो की नव्या शिपायाला लगेच खूण करू नये, आधी त्याची पारख करावी. इंग्रजी सैन्यात पळून गेलेल्यांच्या अंगावर 'डी' हे अक्षर टोचीत, ते 1871 मध्ये बंद झाले. परंतु या देशांत युए फेईसारखी कथा नव्हती. चीनमध्ये ती होती, आणि आठ शतकांनंतर तिची छाया कोरियातील युद्धकैद्यांच्या छावणीवर पडली.

1950 च्या अखेरीस चिनी फौजा कोरियात उतरल्या आणि त्यांचे सुमारे 21 हजार सैनिक संयुक्त राष्ट्रांच्या बाजूच्या हाती लागले. त्यांतील पुष्कळ जण पूर्वी च्यांग कै-शेकच्या सैन्यात होते. 1949 च्या आगेमागे ती पलटणेच्या पलटणे माओच्या सैन्यात सामील करून घेतली गेली होती. कोजे बेटावरील छावणीत कैद्यांचे तट पडले. साम्यवादविरोधी तटाच्या आवारांत कैद्यांच्या दंडांवर, छातीवर, पोटावर घोषणा टोचल्या जाऊ लागल्या. एका घोषणेत झू दे आणि माओ या नेत्यांच्या नावांवर कोटी होती, कारण 'माओ'चा अर्थ केस आणि केस उपटता येतात. काहींनी ही अक्षरे आवडीने घेतली, काहींनी शेजाऱ्याने घेतली म्हणून, आणि कित्येकांना धरून ती टोचली. हेतू एकच: ज्याच्या अंगावर अशी अक्षरे आहेत तो स्वदेशी परतला तर त्याची धडगत नाही. एप्रिल 1952 मध्ये कोणाला परत जावयाचे आहे याची विचारणा झाली, तेव्हा परत जाऊ पाहणाऱ्यांस मारहाण झाली आणि काहींच्या अंगावरील अक्षरे कातडीसकट कापून काढण्यात आली. आठ अक्षरांच्या सेनेने स्वतःहून बंद केलेली वाट येथे दुसऱ्यांनी बंद केली.

1953 च्या तहानंतर स्वदेशी जाण्यास नकार देणारे सुमारे 22,600 कैदी, त्यांत सुमारे 14,700 चिनी, भारतीय रक्षकदलाच्या हवाली झाले. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या, आणि रक्षकदलाचे प्रमुख कोल्हापूरकडील वडगावचे मेजर जनरल शंकरराव थोरात. आरंभीच चिनी कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला आवारात ओढून ओलीस धरले, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि त्याला सोडवून आणले. पण त्यांच्यापुढचा खरा पेच धैर्याचा नव्हता. प्रत्येक कैद्याला स्वेच्छेने निवड करू द्यावयाची, ही त्यांच्यावरची जबाबदारी. आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या दंडावरील घोषणा त्याची इच्छा सांगते की त्याच्यावरची जबरदस्ती, हे कोणत्या डोळ्यांनी ओळखावे? समजूत घालण्याचे काम 15 ऑक्टोबर ते 23 डिसेंबर 1953 पर्यंत अडखळत चालले. शेवटी चीनला परतले ते 440. 14 हजारांहून अधिक जानेवारी 1954 मध्ये तैवानला गेले.

परतलेल्यांचे हाल वेगळे. कैद झालेला सैनिक हाच मुळी संशयित. अंगावर शत्रूच्या घोषणेचे व्रण असतील तर विचारूच नये. त्यांच्यावरील डाग 1980 पासून अधिकृतपणे धुऊन काढण्यास आरंभ झाला. तैवानात गेलेल्यांना वीर म्हणून मिरविले गेले, आणि तेथे ती अक्षरे मानाची होती. मग 1987 मध्ये तैवान सरकारने जुन्या सैनिकांना मुख्य भूमीवरील नातलगांना भेटावयास जाण्याची परवानगी दिली. तेव्हा साठी गाठलेल्या या माणसांपैकी काहींनी दंडावरची आणि छातीवरची अक्षरे शस्त्रक्रियेने काढून टाकली, आणि मग गावी जाण्याची तयारी केली.