झिजलेले दांत आणि चिनी मातीचा साज

लहान मूल झोपेंत करकर दांत खाऊं लागलें, कीं त्याच्या पोटांत जंत झाले असें म्हणून घरांतील वडील माणसें औषधाची पुडी काढीत. मोठ्या माणसानें दांत खाल्ले, तर त्याची मात्र कोणी फारशी दखल घेत नसे. परंतु वर्षानुवर्षें चालणाऱ्या या घर्षणानें पुढच्या दांतांच्या कडा झिजतात. दांत आंखूड व पिवळट दिसूं लागतात. दांतावरील एनॅमल हा शरीरांतील सर्वांत कठीण पदार्थ खरा. पण एकदां गेला कीं तो पुन्हां उगवत नाहीं. हें हरपलेलें रूप परत आणण्याच्या प्रयत्नांत सौंदर्य आणि बळ यांचा झगडा सतत चालत आलेला आहे.

या प्रयत्नांत मनुष्याच्या मदतीला आली ती चिनी माती. १७७४ च्या सुमारास पॅरिसमधील द्युशातो नांवाच्या औषधविक्यानें दुर्गंधी सुटणाऱ्या हस्तिदंती कवळीला कंटाळून चिनी मातीची कवळी घडविली. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं चार्लस लँड या दंतवैद्यानें खराब दांतावर टोपीप्रमाणें बसणारें चिनी मातीचें कवच प्रचारांत आणलें. १९२७ सालीं एकट्यानें विमानांतून अटलांटिक महासागर ओलांडणारा लिंडबर्ग हा या लँडचाच नातू. तें कवच दिसावयास सुरेख होतें; परंतु चिनी माती पडली ठिसूळ. दांत खाणाऱ्याच्या तोंडांत तिचा निभाव लागणें कठीण.

याच सुमारास या खोडीला वैद्यकशास्त्रांत नांव मिळालें. १९०७ सालीं फ्रान्समधील मारी व पिएत्कीविच यांनीं तिला ‘ब्रुक्सोमानी’ म्हटलें. दांत खाणें या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तें नांव घेतलेलें होतें.

तिकडे हॉलिवुडांत १९३० च्या आसपास चार्लस पिंकस हा दंतवैद्य नटनट्यांच्या दांतांवर पातळ पापुद्रे चिकटवून पडद्यावरचें हास्य उजळीत होता. चित्रीकरण संपलें कीं ते काढून ठेवीत. कारण टिकाऊ चिकटा अद्याप सांपडला नव्हता. ती वाट १९५५ सालीं मायकेल ब्युनोकोर यानें दाखविली. धातूवर रंग घट्ट बसावा म्हणून कारखान्यांत फॉस्फरिक आम्ल वापरीत. तेंच त्यानें एनॅमलवर लावून तें खरखरीत केलें, तेव्हां वर लावलेलें रेझिन पक्कें धरून राहिलें. पुढें १९८३ च्या सुमारास चिनी मातीलाही आम्लानें खरखरीत करण्याची युक्ति निघाली आणि पापुद्रे कायमचे बसूं लागले. त्यानंतर झिर्कोनियासारखे अधिक चिवट पदार्थही आले.

तथापि झगडा मिटला नाहीं. झोपेंतील दाबाखालीं पापुद्रा तडकतो. आणि खरखरीत राहिलेलें कठीण कवच समोरच्या नैसर्गिक दांतालाच झिजवितें. शिवाय पापुद्रा बसविण्यासाठीं उरलेलें एनॅमल बहुधा थोडेंफार तासावें लागतें. म्हणजे रूप मिळविण्यासाठीं मूळ धनालाच हात घालावा लागतो. दांत खाण्याचें मूळ दांतांच्या ठेवणींत आहे, असें पूर्वीं मानीत. आज तें मुख्यतः मेंदूच्या झोपेंतील व्यापारांत शोधतात, आणि मानसिक ताण, तंबाखू, मद्य व कांहीं औषधें यांनीं तें बळावतें असें दिसून आलें आहे. म्हणूनच कवच किती सुरेख बसलें, तरी खोड जात नाहीं. जाणता दंतवैद्य आधीं झीज कशानें होते हें पाहतो, आणि साज चढविल्यावरही रात्रीं दांतांवर घालावयास रक्षक पट्टी देतो. अडीचशें वर्षांच्या कारागिरीनें दांतांना रूप दिलें. तें टिकविण्याचें काम मात्र अजून त्या साध्या पट्टीकडेच आहे.