कमला (नाटक)

'कमला' हे विजय तेंडुलकर यांचे पत्रकारितेतील नीतिप्रश्नाला भिडणारे दोन अंकी मराठी नाटक आहे. १९८१ मध्ये 'इंडियन एक्सप्रेस'चे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी स्त्रियांची खरेदी-विक्री उघडकीस आणण्यासाठी स्वतःच एक स्त्री विकत घेतली होती. नाटकाचे बीज त्या वृत्तात आहे.

नायक जयसिंग जाधव हा दिल्लीतील नामांकित पत्रकार. कमला या आदिवासी स्त्रीला तो २५० रुपयांना विकत आणतो आणि पत्रकार परिषदेत पुरावा म्हणून उभी करतो. ही परिषद रंगमंचावर घडत नाही. तिला विचारलेले लाजिरवाणे प्रश्न जयसिंग व त्याचा मित्र जैन घरी येऊन हसत सांगतात, आणि प्रेक्षकाला ते हसूच अधिक बोचते. जुन्या वळणाचे मराठी संपादक काकासाहेब या सनसनाटी पत्रकारितेवर टीका करतात. पण खरा घाव घालते ती कमला. जयसिंगची पत्नी सरिता हिला ती निरागसपणे विचारते, की तुम्हाला कितीला घेतले? सरितेला आपल्या संसारातील दास्य तेव्हा उमगते. शेवटी जयसिंगलाच नोकरीवरून काढले जाते.

जगमोहन मुंध्रा यांनी १९८४ मध्ये या नाटकावर हिंदी चित्रपट काढला. त्यात दीप्ती नवल कमला, तर शबाना आझमी सरिता होत्या.