घरी एस्प्रेसो बनवायचाय? मशीनच्या आधी ग्राइंडर आणि बियांचा हिशोब समजून घ्या

इन्स्टाग्राम उघडलं की हल्ली दोन गोष्टी हमखास दिसतात. एक, कुणाचं तरी प्रीवेडिंग शूट आणि दुसरी, कुणाच्या तरी किचनच्या ओट्यावरचं चकाचक कॉफी मशीन. बटण दाबलं, मधासारखी घट्ट धार कपात पडली, वर सोनेरी फेस आला, विषय संपला. कॅफेत एका कपाला अडीचशे-तीनशे रुपये मोजणारा माणूस हे बघून लगेच गणित मांडतो. महिन्याला वीस कप म्हणजे पाच-सहा हजार, म्हणजे चार-पाच महिन्यांत मशीन वसूल! ऑर्डर जाते, मशीन येतं आणि पहिल्या दिवशी कपात पडतं ते काळं, पातळ, आंबट पाणी. पंधरा दिवसांनी मशीनची रवानगी माळ्यावर, जुन्या सँडविच टोस्टरच्या शेजारी.

यात दरवेळी मशीनची चूक असते असं नाही. बऱ्याचदा पैसे चुकीच्या क्रमाने खर्च झालेले असतात.

आधी एस्प्रेसो म्हणजे नेमकं काय?

पहिली गोष्ट, शब्द एस्प्रेसो आहे, एक्स्प्रेसो नाही. दुसरी, हे बियांचं नाव नाही. ‘एस्प्रेसो बीन्स’ असं पाकिटावर लिहिलेलं असतं, पण तसं वेगळं झाड कुठे उगवत नाही. रोस्टरने, म्हणजे कॉफी भाजणाऱ्याने, त्या बिया या पद्धतीसाठी भाजल्यात एवढाच त्याचा अर्थ.

पद्धत अशी, की बारीक दळलेली कॉफी एका छोट्या चाळणीत दाबून बसवायची आणि तिच्यातून ९० ते ९६ अंश सेल्सिअसचं पाणी सुमारे ९ बार दाबाने ढकलायचं. ९ बार म्हणजे किती? आपला प्रेशर कुकर शिट्टी देतो, तेव्हा त्याच्या आत बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ बार दाब जास्त असतो. त्याच्या नऊ पट.

हा दाब मिळवायला इटलीलाही वेळ लागला. तुरिनच्या आंजेलो मोरिओन्दोने १८८४ मध्ये वाफेवर चालणाऱ्या मशीनचं पेटंट घेतलं, १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेराने त्यात सुधारणा केली. पण नुसत्या वाफेच्या जोरावर दीड-दोन बारच्या पुढे गाडी जात नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाजियाने स्प्रिंग आणि दांड्याचं मशीन आणलं, दाब वाढला आणि कॉफीवर तो सोनेरी फेस, म्हणजे क्रेमा, दिसू लागला. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ मशीनने दांड्याच्या जागी पंप बसवला. आजची मशीन्स याच वळणाची आहेत.

हा इतिहास सांगायचं कारण म्हणजे ऑनलाइन पाच-सहा हजारांत मिळणारी, काचेचा छोटा जग आणि ३.५ किंवा ५ बार असं लिहिलेली मशीन्स. यात पंप नसतो, ती वाफेच्या दाबावरच चालतात. म्हणजे तत्त्व जवळपास गाजियाच्या आधीच्या काळातलं. त्यातून कडक कॉफी निघते, दूध घालून ती बरीही लागते, पण रीलमधली धार त्यातून पडणार नाही.

खरा हिरो: ग्राइंडर

आता मुद्द्याचं. एस्प्रेसोमध्ये पाणी कॉफीतून जेमतेम २५ ते ३० सेकंदांत जातं. एवढ्या कमी वेळात चव उतरायची तर कॉफीचे सगळे कण जवळपास सारख्या आकाराचे लागतात.

घरच्या मिक्सरमध्ये ते होत नाही. मिक्सरचं पातं बिया दळत नाही, फोडतं. एकाच भांड्यात थोडा मैदा, थोडा रवा आणि थोडा दलिया तयार होतो. मैद्यातून कडवटपणा येतो, दलियातून आंबटपणा, आणि दोन्ही एकाच कपात. शिवाय दाबाखालचं पाणी हुशार असतं, सोपी वाट शोधतं. कॉफी जिथे सैल असेल तिथून ते पळ काढतं आणि बाकीची कॉफी कोरडीच राहिल्यासारखी होते. याला कॉफीवाले चॅनलिंग म्हणतात.

त्यामुळे लागतो तो बर ग्राइंडर. नाव नवीन वाटेल, पण हे आपलं जातंच आहे. दातेरी कडा असलेले दोन भाग, त्यांच्यामधलं अंतर कमी-जास्त करता येतं आणि बिया त्यातून भरडत खाली येतात. आजीच्या जात्यात आणि यात फरक एवढाच, की इथे अंतर केसाच्या जाडीपेक्षाही कमी फरकाने बदलावं लागतं. फसवणूक होते ती याच ठिकाणी. काही हातग्राइंडर फिल्टर कॉफीसाठी छान असतात, पण त्यांच्या एका ‘क्लिक’मध्ये अंतर इतकं बदलतं, की एका क्लिकवर धार बंद आणि पुढच्या क्लिकवर नळ सुटल्यासारखी. विकत घेताना वर्णनात ‘एस्प्रेसोसाठी चालतो’ असं स्पष्ट लिहिलंय का आणि क्लिक बारीक आहेत का, हे बघायलाच हवं.

हातग्राइंडर की विजेचा? रोज एक-दोन कप असतील तर चांगला हातग्राइंडर कमी पैशांत जास्त चांगलं दळतो, कारण किमतीत मोटरचा खर्च नसतो. १८ ग्रॅम दळायला मिनिटभर हात चालवावा लागतो. सकाळी सहाला घरातले झोपलेले असतात, हाही एक मुद्दा आहेच. घरात चार जण कॉफी पिणारे असतील तर मात्र विजेचाच घ्यावा.

बजेटचं सूत्र साधं आहे. एकूण रकमेतला निम्मा नाही, तर किमान एक तृतीयांश भाग ग्राइंडरसाठी ठेवायचा. ४० हजार असतील तर ३८ हजारांचं मशीन आणि मिक्सर, यापेक्षा २५ हजारांचं मशीन आणि १५ हजारांचा ग्राइंडर हा सौदा कधीही सरस.

बिया कुठल्या घ्यायच्या?

इथे आपण नशीबवान आहोत. सतराव्या शतकात बाबा बुदान यांनी येमेनमधून सात बिया आणून चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा सांगितली जाते. कथेचं काहीही असो, आज देशातल्या कॉफीतला सर्वांत मोठा वाटा कर्नाटकचा आहे आणि मुंबई-पुण्यात बसून तिथली ताजी भाजलेली कॉफी काही दिवसांत घरपोच मिळते. महाराष्ट्रातही मेळघाटातल्या चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून कॉफी होते, पण तिचं प्रमाण तुलनेने फारच कमी.

पाकीट हातात घेतल्यावर सगळ्यात आधी भाजल्याची तारीख शोधायची. ‘बेस्ट बिफोर’ नाही, रोस्ट डेट. ती छापलेलीच नसेल तर पाकीट परत ठेवून द्यावं. भाजल्यानंतर बियांमधून काही दिवस कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, त्यामुळे अगदी कालची कॉफीही नको. धार अडखळते, फेस नुसता फसफसतो. भाजल्यापासून साधारण एक-दोन आठवडे थांबून पुढच्या महिनाभरात संपवली तर उत्तम. म्हणूनच ‘एक किलोवर सवलत’ हा एकट्या माणसासाठी महागाचा सौदा आहे. २५० ग्रॅममध्ये १८ ग्रॅमचे तेरा-चौदा शॉट होतात, त्यावरून आपलं आपण ठरवावं.

दुसरी नजर घटकांच्या यादीवर. ‘फिल्टर कॉफी’ म्हणून मिळणाऱ्या अनेक पावडरींत चिकोरी असते. कायद्याने कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी, म्हणजे उरलेली ४९ टक्के चिकोरी असू शकते आणि तसं पाकिटावर लिहावं लागतं. चिकोरी वाईट नाही, दाक्षिणात्य फिल्टर कॉफीची ती ओळख आहे. पण एस्प्रेसो मशीनच्या चाळणीत तिचं काम नाही.

मग अरेबिका की रोबस्टा? ‘१०० टक्के अरेबिका’ हे आपल्याकडे दर्जाचं सर्टिफिकेट असल्यासारखं छापतात. एस्प्रेसोच्या बाबतीत हे अर्धसत्य आहे. रोबस्टात कॅफिन जवळपास दुप्पट, चव जाड आणि कडवट, पण क्रेमा भरपूर. इटलीतल्या अनेक पारंपरिक ब्लेंडमध्ये रोबस्टा असतोच आणि भारतीय कॉफीच्या मोठ्या गिऱ्हाइकांमध्ये इटलीचं नाव वरचं आहे. दूध घालून पिणार असाल तर ७०-३० किंवा ८०-२० असा ब्लेंड दुधात हरवत नाही.

मॉन्सून्ड मलबार हा आणखी एक देशी प्रकार. शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना बिया महिनोन्महिने दमट हवा खाऊन फुगायच्या, फिकट व्हायच्या आणि तिकडच्या लोकांना तीच चव आवडू लागली, असं सांगतात. प्रवास झटपट झाल्यावर ती चव गेली, म्हणून आता पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वाऱ्यावर बिया मुद्दाम तशा केल्या जातात. आंबटपणा कमी, चव जड. नवशिक्यासाठी छान, कारण छोट्या चुका ती पोटात घालते.

सुरुवातीला टाळायची ती हलकी भाजलेली, पाकिटावर ‘स्ट्रॉबेरी, जास्मिन’ वगैरे लिहिलेली कॉफी. ती वाईट नसते, उलट बऱ्याचदा महाग आणि उत्तम असते. पण साध्या मशीनवर तिच्यातून स्ट्रॉबेरी नाही, कच्ची चिंच निघते. मध्यम-गडद भाजलेली घ्यावी. आणि बिया फ्रिजच्या दारात ठेवू नयेत, तिथे ओलावा आणि लसणाच्या चटणीचा वास दोन्ही लागतात.

मशीनच्या खोक्यावरचे आकडे

पंपाच्या मशीनवर १५ बार, २० बार असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. पंप जास्तीत जास्त तेवढा दाब देऊ शकतो, इतकाच त्याचा अर्थ. कॉफीला हवेत ९ च्या आसपास, त्यामुळे २० बारचं मशीन १५ बारपेक्षा भारी असं काही नसतं.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न कुणी विचारत नाही. चाळणी एकपदरी आहे की दुपदरी? बऱ्याच स्वस्त मशीनसोबत दुपदरी बास्केट येते. तिला खाली एकच बारीक भोक असतं, त्यामुळे शिळी, कशीही दळलेली कॉफी घातली तरी दाब तयार होतो आणि फेस येतो. तो दिसतो क्रेमासारखा, चव मात्र त्याने सुधारत नाही. ग्राइंडर नसेल तर ही बास्केट सोयीची. चांगला ग्राइंडर घेतला असेल तर एकपदरी बास्केट सोबत येते का, किंवा वेगळी मिळते का, हे आधी विचारावं. पोर्टाफिल्टर, म्हणजे चाळणी बसवायचा दांडा, ५८ मिलिमीटरचा असेल तर सुटे भाग सहज मिळतात. ५१ आणि ५४ मिलिमीटरमध्येही मिळतात, पण जुळवून बघावे लागतात.

वीज नको असेल तर हाताने दांडा दाबून चालणारी लिव्हर मशीन्स आहेत. त्यातून निघणारा शॉट महागड्या मशीनला तोंड देतो, पण दुधाला वाफ मिळत नाही आणि पाणी वेगळं उकळावं लागतं. काळी कॉफी पिणाऱ्याने याचा जरूर विचार करावा.

एक इशारा अमेरिकेत नातेवाईक असणाऱ्यांसाठी. ‘दादा येतोच आहे, येताना मशीन आण म्हणावं’ हा मोह आवरा. तिथलं मशीन १२० व्होल्टचं असतं, आपल्याकडे २३० व्होल्ट. थेट लावलं तर जळतं आणि चालवायचं तर दहा-बारा किलोचा ट्रान्सफॉर्मर ओट्यावर ठेवावा लागतो. वॉरंटीचं तर विचारूच नका. इथलं मशीनही १४००-१५०० वॉटचं असेल तर ते मोबाइल चार्जरच्या छोट्या सॉकेटवर नको, १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा.

पाण्याचंही तसंच. बोअरचं जड पाणी आत क्षार साठवून मशीन मारतं. आरओचं पाणी मशीनला सहसा त्रास देत नाही, पण फारच कमी क्षारांच्या पाण्यात कॉफी सपक लागते. शुद्धीकरण यंत्रावर टीडीएस वाढवायची सोय असेल तर १०० ते १५० च्या आसपास ठेवावा.

सगळं जमलं, आता चव कशी लावायची?

०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा घ्या. हजारभर रुपयांची ही वस्तू पुढचे अनेक कप वाचवते. १८ ग्रॅम कॉफी घाला, कपात ३६ ग्रॅम पडली की थांबवा आणि मोबाइलवर वेळ बघा. २५ ते ३० सेकंद लागले तर बरोबर वाटेवर आहात. पंधरा सेकंदांत पडली आणि आंबट लागली तर आणखी बारीक दळा. चाळीस सेकंद थेंब-थेंब पडत राहिली आणि कडू लागली तर थोडी जाड दळा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काय बिघडलं तेच कळत नाही.

हे सगळं वाचून दमायला झालं असेल तर हजार-दोन हजारांचा मोका पॉट आहेच. १९३३ पासून इटलीतल्या घराघरांत तो गॅसवर चढतो. त्यातून एस्प्रेसो निघत नाही, दाब एक-दोन बारचाच असतो, पण त्याची कडक कॉफी गरम दुधात घातली तर घरचा कॅपुचिनो झकास होतो. फक्त इंडक्शन शेगडी असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा नको, स्टीलचा घ्या.

आणि मशीनच घ्यायचं पक्कं असेल तर पहिल्या ऑर्डरमध्ये एकाच बियांची, एकाच भाजणीची दोन पाकिटं मागवा. पहिलं पाकीट ग्राइंडरची सेटिंग शोधण्यातच संपतं.