परदेशात नातेवाईक बेपत्ता झाल्यास
नांदेड, लातूरहून परदेशी गेलेल्या व्यक्तीचा संपर्क तुटल्यास लगेच दिल्ली गाठण्याची गरज नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर २०१५ पासून नातेवाइकांना तक्रार नोंदविता येते. ती संबंधित देशातील भारतीय दूतावासाकडे जाते. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये अडकलेल्या विद्यार्थ्यांची नावे पालकांनी जिल्हा प्रशासनालाही कळविली होती. मात्र शोध कागदांवरच चालतो. पासपोर्ट, व्हिसाच्या प्रती आणि मालकाचा पत्ता घरी हवा. नेमका तोच अनेकांकडे नसतो. बेपत्ता व्यक्ती तुरुंगातही असू शकते. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार अटकेतील परदेशी नागरिकाने मागणी केली, तरच दूतावासाला कळविणे बंधनकारक असते. हा हक्क मजुराला ठाऊक नसेल, तर घरच्यांची तक्रार हाच दूतावासाला मिळणारा पहिला निरोप ठरू शकतो.