इलेक्ट्रिक सायकलला विमा हवा का? मालवण किनाऱ्यावरच्या सायकलमालकांसाठी माहिती

इलेक्ट्रिक सायकलला नंबरप्लेट लागत नाही, लायसन्स लागत नाही आणि विम्याची सक्तीही नाही. म्हणून ती खरेदी करताना विम्याचा विषय सहसा निघतच नाही. पण विमा सक्तीचा नाही याचा अर्थ धोका नाही, असा होत नाही. सायकल चोरीला गेली, पावसात घसरून हात मोडला किंवा आपल्या धडकेने कोणाला इजा झाली, तर सगळा खर्च मालकाच्या खिशातून जातो. मालवण, तारकर्ली, देवबाग, आचरा या पट्ट्यात खारा वारा, मुसळधार पाऊस आणि पर्यटकांची वर्दळ यांची त्यात भर पडते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार प्रत्येक मोटार वाहनाला त्रयस्थ व्यक्तीचा विमा, म्हणजे थर्ड पार्टी विमा, बंधनकारक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम २ ने काही बॅटरीवरच्या गाड्यांना ‘मोटार वाहन’ या व्याख्येतून वगळले आहे. त्यासाठीच्या मुख्य अटी अशा:

- मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी असावी.
- वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असावा. पेडलला मदत करणाऱ्या सायकलची मोटर या वेगाला किंवा पेडल थांबवल्यावर बंद व्हायला हवी.
- बॅटरी सोडून वजन ६० किलोपेक्षा जास्त नसावे.
- ब्रेक आणि प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्या असाव्यात.
- मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची मंजुरी असावी. पुण्याची एआरएआय ही अशी एक संस्था आहे.

या अटी पाळणारी सायकल कायद्याच्या दृष्टीने सायकलच राहते. मात्र वेगमर्यादा काढून टाकली किंवा जास्त ताकदीची मोटर बसवली, तर ती मोटार वाहन ठरू शकते. मग नोंदणी, लायसन्स, हेल्मेट आणि विमा सगळेच लागते. विना विमा वाहन चालवल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये आहे. असा बदल विमा कंपनीला न कळवल्यास सायकलच्या पॉलिसीवरचा दावाही नाकारला जाऊ शकतो.

आपल्या सायकलने दुसऱ्याला इजा झाली तर?

हा सर्वांत कमी विचारात घेतला जाणारा आणि सर्वांत महागात पडू शकणारा धोका आहे. समजा, बाजारपेठेच्या अरुंद रस्त्यावर तुमच्या सायकलची धडक बसून एका आजीचे खुब्याचे हाड मोडले. धडक मोटारसायकलची असती, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा झाला असता आणि भरपाई विमा कंपनीने दिली असती. इलेक्ट्रिक सायकल मोटार वाहन नसल्याने हा मार्ग उपलब्ध नाही. जखमीला दिवाणी न्यायालयात तुमच्यावर दावा करावा लागतो आणि निकालाची रक्कम तुम्हालाच भरावी लागते. निष्काळजीपणाबद्दल भारतीय न्याय संहितेखाली गुन्हाही नोंदवला जाऊ शकतो.

काही सायकल विमा पॉलिसींत त्रयस्थ व्यक्तीची जबाबदारी घेतलेली असते, काहींत नसते. पॉलिसी निवडताना हा मुद्दा आधी पाहा. किती रकमेपर्यंत जबाबदारी घेतली आहे, तेही पाहा.

आपल्यालाच इजा झाली तर?

येथे अपघात कसा झाला याला महत्त्व आहे.

*मोटार वाहनाने धडक दिली तर:* त्या वाहनाच्या विम्यातून भरपाई मागता येते. वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर केंद्राच्या योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. २०२५ पासून अशा अपघातातील जखमींना नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत विनारोख उपचारांची योजनाही आहे.

*आपण एकटेच पडलो तर:* वरच्या सोयी मोटार वाहनाच्या अपघातासाठी आहेत. शेवाळलेल्या वळणावर घसरलात, गुराला चुकवताना चिऱ्यांच्या गडग्यावर आदळलात, तर त्या लागू होत नाहीत. सायकलवाल्यांचे बरेच अपघात असेच होतात. तेव्हा आपला आरोग्य विमा आणि वैयक्तिक अपघात विमाच उपयोगी पडतो.

सर्वांत स्वस्त सुरुवात म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना. वर्षाला २० रुपये हप्ता, वय १८ ते ७०, बँकेत किंवा पोस्टात खाते असणे पुरेसे. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण कायमचे अपंगत्व आल्यास २ लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वासाठी १ लाख रुपये मिळतात. मुदत १ जून ते ३१ मे अशी असते, त्यामुळे मे अखेरीस खात्यात शिल्लक ठेवा. या योजनेत रुग्णालयाचा खर्च मिळत नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

सायकलचे नुकसान: काय मिळते, काय नाही?

सायकल विम्यात साधारणपणे चोरी, अपघाती मोडतोड, आग आणि नैसर्गिक आपत्ती येतात. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात सिंधुदुर्गात झाडे कोसळली आणि वीजपुरवठा कोलमडला. माडाखाली लावलेल्या सायकलवर झावळ पडणे तर इथे वादळाविनाही होते. देवबागसारख्या, एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या चिंचोळ्या गावात पाणी शिरण्याचा धोका वेगळाच. म्हणून पॉलिसीत ‘वादळ’ आणि ‘पूर’ हे शब्द स्पष्ट आहेत का, ते वाचा.

सहसा मिळत नाही ते असे:

- गंज आणि नेहमीची झीज. खाऱ्या हवेने बॅटरीच्या जोडण्या किंवा मोटरची वायर खराब झाली, तर तो अपघात मानला जात नाही.
- वापराने कमी झालेली बॅटरीची क्षमता.
- कुलूप न लावता ठेवलेल्या सायकलची चोरी.
- फक्त बॅटरी किंवा सुटा भाग चोरीला जाणे. बॅटरी हा महागड्या भागांपैकी एक असल्याने हे आधी विचारून घ्या.

घराच्या विम्यावर विसंबत असाल, तर तीही पॉलिसी तपासा. १ एप्रिल २०२१ पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत घरातील सामानाला आग, वादळ, पूर यांपासून संरक्षण असते. पण स्पष्ट नोंद नसेल तर वाहने त्यातून वगळलेली असतात. शिवाय चोरीची भरपाई अशा आपत्तीनंतरच्या सात दिवसांपुरतीच असते. सायकल त्यात धरली जाईल का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

होमस्टेवाल्यांनी काय पाहावे?

पाहुण्यांना भाड्याने देण्यासाठी सायकली ठेवणार असाल, तर खासगी वापराची पॉलिसी पुरत नाही. भाड्याचा वापर लपवल्यास दावा फेटाळला जाऊ शकतो. अर्जात व्यावसायिक वापर नोंदवा आणि त्रयस्थ व्यक्तीची जबाबदारी वेगळी मागा. नादुरुस्त ब्रेकमुळे अपघात झाला, तर बोट तुमच्याकडेच दाखवले जाईल. ब्रेक, दिवे आणि टायर तपासल्याची तारीखवार वही ठेवा.

आज करून ठेवण्याची कामे

१. सायकलचे बिल, फ्रेम क्रमांक आणि बॅटरी क्रमांक यांचे फोटो काढा. नंबरप्लेट नसल्याने फ्रेम क्रमांक हीच तुमच्या सायकलची ओळख.
२. चोरी झाल्यास लगेच पोलिसांत तक्रार द्या आणि कंपनीला मुदतीत कळवा.
३. अपघातानंतर सायकल दुरुस्त करण्याआधी फोटो काढा.
४. दाव्यातील किती रक्कम तुम्हाला सोसायची आहे आणि घसारा किती धरला जाईल, ते विचारा.

दावा चुकीने नाकारला गेला असे वाटल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. आयआरडीएआय या विमा नियामकाच्या १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार करता येते. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही. सिंधुदुर्गासाठी हे कार्यालय पुण्यात आहे.

थोडक्यात

प्रत्येकाने सगळेच विमे घ्यायला हवेत असे नाही. जुन्या, स्वस्त सायकलच्या मोडतोडीसाठी हप्ता भरणे परवडेलच असे नाही. ते नुकसान सोसता येते. पण स्वतःचे अपंगत्व आणि दुसऱ्याच्या इजेची भरपाई यांचा बोजा एखाद्या घराला वर्षानुवर्षे पुरतो. म्हणून आधी अपघात विमा, मग त्रयस्थ व्यक्तीची जबाबदारी आणि शेवटी सायकल, या क्रमाने विचार करा.